रक्त किंवा अवयव दिल्यावर पगारी रजा: नियम, कागद आणि अर्ज

आस्थापना शाखेत काढलेल्या वर्षांमध्ये रक्तदानाच्या रजेचे अर्ज माझ्या टेबलावर बहुतेक सोमवारी यायचे. रविवारी गल्लीत शिबिर झालेलं असायचं. अर्जाला जोडलेल्या प्रमाणपत्रावर वरच्या बाजूला तीन नेत्यांचे फोटो, खाली मंडळाच्या अध्यक्षांची सही आणि मध्ये ‘आपल्या महान कार्याबद्दल’ अशी ओळ. रक्त कोणत्या रक्तकेंद्रानं घेतलं, हे शोधूनही सापडायचं नाही. माणूस खरा, रक्त खरं, दंडावरची पट्टीसुद्धा खरी. तरी रजा मंजूर करता यायची नाही. एक तर रक्त सुट्टीच्या दिवशी दिलेलं, आणि दुसरं म्हणजे जोडलेला कागद पुरावा म्हणून चालणारा नव्हता.

अवयवदात्यांचं दुखणं वेगळं. एका सहकाऱ्याच्या पत्नीनं त्याला मूत्रपिंड दिलं. दोघंही नोकरदार. शस्त्रक्रियेची तारीख ठरली, पैशांची जुळवाजुळव झाली, आणि आदल्या आठवड्यात लक्षात आलं की तिच्या रजेचा विचार कोणीच केलेला नाही. ‘मला तर काहीच झालेलं नाही, मग आजारपणाची रजा कशी मागू?’ असं तिला वाटत होतं.

ही माहिती कोणी एका जागी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो.

आधी आपण कोणाचे नोकर ते पाहा

देशातल्या प्रत्येक नोकरदाराला रक्तदान किंवा अवयवदानासाठी पगारी रजा देणारा एकच कायदा भारतात नाही. वर्तमानपत्रात ‘अवयवदात्यांना ४२ दिवसांची रजा’ असा मथळा आला की लोक कात्रण घेऊन कार्यालयात येतात. त्या मथळ्याखालची बातमी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची असते.

केंद्र सरकारच्या ज्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम लागू आहेत, त्यांच्यासाठी कार्मिक व प्रशिक्षण विभागाचे दोन आदेश आहेत: डिसेंबर २०१७ चा रक्तदानाबद्दल आणि २५ एप्रिल २०२३ चा अवयवदानाबद्दल. रेल्वेचे कर्मचारी आणि अखिल भारतीय सेवांमधले अधिकारी ४२ दिवसांच्या आदेशात येत नाहीत. त्यांची रजेची नियमावली वेगळी आहे आणि त्यांनी तीच पाहायची. कंत्राटदारामार्फत आलेले सुरक्षारक्षक, डेटा एंट्री करणारी मुलं यांनाही हा आदेश लागू नाही, मग ते त्याच इमारतीत दहा वर्षं का बसत असेनात.

महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ आणि त्या-त्या वेळचे शासन निर्णय लागू होतात. केंद्राचा आदेश राज्यात आपोआप लागत नाही. म्हणून ‘केंद्रात आहे ना, मग आम्हाला का नाही’ असा वाद घालत बसू नका. आस्थापना लिपिकाकडे जा आणि एवढंच विचारा: ‘रक्तदानासाठी किंवा अवयवदानासाठी विशेष नैमित्तिक रजेचा चालू शासन निर्णय कोणता? त्याचा क्रमांक द्या.’ क्रमांक हातात आला की पुढची चर्चा दोन मिनिटांत संपते. जिल्हा परिषद, महानगरपालिका, अनुदानित शाळा, विद्यापीठं यांनी आणखी एक प्रश्न जोडायचा: तो शासन निर्णय आपल्या संस्थेनं स्वीकारला आहे का?

खासगी नोकरीत असाल तर मधला भाग वाचा, पण तुमचा खरा मजकूर पुढे आहे.

रक्तदानाचा दिवस

केंद्राच्या आदेशातलं वाक्य लहान आहे, पण त्यातला शब्द न् शब्द कामाचा. परवानाधारक रक्तपेढीत, कामाच्या दिवशी, फक्त त्या दिवसापुरती, वर्षातून जास्तीत जास्त चार वेळा, आणि दानाचा ग्राह्य पुरावा दिल्यावर विशेष नैमित्तिक रजा. तिचा पगार पूर्ण मिळतो आणि ती तुमच्या नेहमीच्या नैमित्तिक रजांमधून वजा होत नाही.

‘कामाच्या दिवशी’ म्हणजे रविवारी रक्त दिलंत तर सोमवारची बदली रजा नाही. आपल्याकडे शिबिरं शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सव आणि रविवार धरूनच होतात, त्यामुळे बहुतेक दात्यांचा या रजेशी संबंधच येत नाही. त्यात अन्याय झाला असं मला वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी दिलेल्या रक्तामुळे तुमचा कामाचा दिवस बुडतच नाही. पण रक्तपेढीला सणासुदीला धो धो रक्त मिळतं आणि एप्रिल-मेमध्ये, कॉलेजं बंद असताना, फ्रीज रिकामे पडतात. तेव्हा शक्य असेल तर उन्हाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी थेट रक्तकेंद्रात जा. रक्ताचा उपयोग जास्त आणि रजाही रीतसर.

‘चार वेळा’ हा आकडाही हवेतून आलेला नाही. पुरुषांनी दोन रक्तदानांमध्ये ९० दिवसांचं अंतर ठेवायचं असतं आणि स्त्रियांनी १२० दिवसांचं. म्हणजे पूर्ण रक्त देणाऱ्या पुरुषाला वर्षात चार वेळा देता येतं, बाईला तीन वेळा. गोची होते ती प्लेटलेट देणाऱ्यांची. यंत्राला जोडून फक्त प्लेटलेट काढून घेतात आणि बाकी रक्त परत शरीरात सोडतात, त्यामुळे दोन दानांमध्ये ४८ तासांचं अंतरही चालतं आणि वर्षात २४ वेळांपर्यंत देता येतं. हा प्रकार आदेशात स्पष्ट नोंदलेला आहे, पण रजा मात्र सगळं मिळून चारच. कर्करोगाच्या रुग्णासाठी एका महिन्यात तीन वेळा प्लेटलेट देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी या चार रजा एप्रिलपर्यंतच संपवू नयेत. या कामाला दीड-दोन तास लागतात, तेव्हा कधी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जाऊन काम भागत असेल तर रजा राखून ठेवा.

आता आदल्या दिवसापासून काय करायचं ते.

आदल्या दिवशी साहेबांना तोंडी सांगून ठेवू नका, दोन ओळींचा अर्ज द्या. त्यात ‘रक्तदान झाल्यास पुरावा सादर करीन’ हे शब्द असू द्या, कारण रक्तकेंद्रात गेलात म्हणजे रक्त घेतलंच जाईल असं नाही. हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम लागतं. १२.३ भरलं तर डॉक्टर हात जोडून परत पाठवतात. वजन किमान ४५ किलो लागतं, आणि ४५० मिली द्यायचं तर ५५ किलोच्या वर. असं परत पाठवल्यावर विशेष नैमित्तिक रजा मिळत नाही, कारण दान झालेलं नाही. तेव्हा अर्ध्या दिवसाची साधी नैमित्तिक रजा टाका किंवा सरळ कार्यालयात हजर व्हा. नाकारल्याची चिठ्ठी मात्र मागून घ्या. तुम्ही खोटं बोलला नव्हतात, एवढं तरी तिच्यावरून दिसतं.

उपाशीपोटी जाऊ नका. चतुर्थीचा उपास असेल तर तो दिवस रक्तदानाला निवडू नका. शेवटचं जेवण चार तासांच्या आतलं असावं. रात्रपाळी करून झोप न घेता थेट रक्त द्यायला जाणंही नियमात बसत नाही.

रक्त दिल्यावर पाणी, बिस्किटं, पंधरा मिनिटं विसावा. आणि निघण्यापूर्वी, पुन्हा सांगतो, निघण्यापूर्वी काउंटरवर थांबा. प्रमाणपत्रावर रक्तकेंद्राचं नाव, परवाना क्रमांक, तुमचं पूर्ण नाव, दानाची तारीख, रक्तपिशवीचा क्रमांक, आणि पूर्ण रक्त की प्लेटलेट हे लिहिलेलं आहे का, ते पाहा. नाव सेवापुस्तकात जसं आहे तसं असावं. ‘बाळू’ नावानं दिलेलं रक्त ‘बाळासाहेब’ नावाच्या हजेरीपटावर चढवताना लिपिकाचा जीव मेटाकुटीला येतो. शिबिरात दिलं असेल तर मंडळाचं प्रशस्तिपत्र घरात लावा आणि ज्या रक्तकेंद्राचं पथक आलं होतं त्यांचं कार्ड कार्यालयात द्या. कार्डाची एक प्रत स्वतःजवळ ठेवायची, कारण वर्षाअखेरीस ‘तुमच्या तीन झाल्या की चार’ हा वाद होतोच.

ज्यांचं काम अंगमेहनतीचं आहे

रक्तदात्याच्या निवडीच्या नियमांमध्ये एक अट आहे. ती बऱ्याच दात्यांना माहीत नाही, आणि मालकांना तर नाहीच. विमानातले कर्मचारी, लांब पल्ल्याचे वाहनचालक, समुद्रसपाटीपासून खूप उंचावर किंवा तिच्या खाली काम करणारे, आपत्कालीन सेवेतले आणि कष्टाचं काम करणारे यांनी पुढच्या पाळीच्या आधी किमान २४ तास रक्त देता कामा नये.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ट्रकचालकानं सकाळी दहा वाजता शिबिरात रक्त दिलं, तर दुसऱ्या दिवशी दहापर्यंत त्यानं गाडीवर बसायचं नाही. अग्निशमन दलातला जवान, क्रेनवरचा माणूस, भट्टीवरचा कामगार यांचंही तेच. कारखान्याच्या आवारात शिबिर भरतं, व्यवस्थापक हार घालून घेतात, आणि रक्त दिलेला फिटर दुपारच्या पाळीला शिडीवर चढतो, हे चित्र मी पाहिलेलं आहे. अशा कामगाराला रजा देणं ही मेहेरबानी नव्हे. शिबिर भरवणाऱ्यानं ती आधीच ठरवायला हवी. कामगार प्रतिनिधी असाल तर शिबिराच्या परवानगीच्या बैठकीतच विचारा: ‘रक्त देणाऱ्याची पुढची पाळी कोण करणार, आणि त्याची हजेरी कशी लागणार?’

अवयवदान: ४२ दिवस आणि त्यांच्या आधीचे दिवस

२०२३ च्या आदेशानं केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला दुसऱ्या माणसाला अवयव देण्यासाठी जास्तीत जास्त ४२ दिवस विशेष नैमित्तिक रजा मिळते. मूत्रपिंड द्या, यकृताचा तुकडा द्या किंवा स्वादुपिंडाचा भाग द्या, मर्यादा तीच. रजा नोंदणीकृत सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या शिफारशीवर मिळते आणि साधारणपणे रुग्णालयात दाखल झाल्याच्या दिवसापासून सलग घ्यायची असते. डॉक्टरांनी लिहून दिलं तर शस्त्रक्रियेच्या आधी एक आठवड्यापर्यंतही घेता येते, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सुचवलं तर तुकड्यांमध्येही.

सहा आठवडे बरोबर आहेत का? दुर्बिणीतून मूत्रपिंड काढलं आणि काम टेबलावरचं असेल तर बहुतेक दाते चार ते सहा आठवड्यांत कामावर येतात. यकृतदात्याचं तसं नसतं. त्याला दोन-तीन महिनेही लागू शकतात. सगळ्या शस्त्रक्रियांना एकच माप लावल्यानं यकृतदात्याची रजा तोकडी पडते, हे माझं स्पष्ट मत. त्यातून ही रजा इतर रजेला जोडता येत नाही. शस्त्रक्रियेतून काही गुंतागुंत झाली आणि सरकारी डॉक्टरांनी शिफारस केली, तरच अपवाद. म्हणून ४२ दिवस संपत आले आणि जखम चिघळलेली असेल, ताप येत असेल, थकवा जात नसेल, तर डॉक्टरांकडून नुसतं ‘विश्रांतीचा सल्ला’ लिहून आणू नका. काय गुंतागुंत झाली आणि ती शस्त्रक्रियेमुळेच झाली, हे त्या कागदावर हवं. मग अर्जित रजा किंवा वैद्यकीय कारणासाठी परावर्तित रजा (अर्धपगारी रजा पूर्ण पगारी करून घेतलेली) जोडायला वाट मोकळी होते.

पण दात्याची रजा सगळ्यात जास्त खर्च होते ती या ४२ दिवसांच्या आधी. रक्तगट, ऊतींची जुळवणी, सीटी स्कॅन, हृदयाची तपासणी, मानसोपचारतज्ज्ञांची भेट, पुन्हा एक तपासणी, मग समितीपुढे मुलाखत. या फेऱ्या महिना-दोन महिने चालतात आणि प्रत्येक फेरीला अर्धा किंवा पूर्ण दिवस जातो. त्यांना विशेष रजा नाही. साध्या नैमित्तिक रजा त्या वर्षी जपून वापरा. घरात कोणाचं मूत्रपिंड निकामी होत आलंय आणि आपलं नाव दाता म्हणून पुढे येणार, हे कळलं त्या दिवसापासून.

कायद्याचा भाग आता थोडक्यात. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. तो सर्वांत आधी स्वीकारणाऱ्या राज्यांमध्ये हिमाचल प्रदेशासोबत महाराष्ट्र आणि गोवा होते, आणि फेब्रुवारी १९९५ पासून तो इथे लागू झाला. २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंही जवळच्या नातेवाइकांमध्ये आली. पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं तर आधीपासून होतीच. मेहुणा, चुलतभाऊ, मित्र हे जवळच्या नात्यात धरले जात नाहीत. त्यांची प्रकरणं प्राधिकार समितीपुढे जातात, आणि देणं केवळ आपुलकीतून आहे, पैशाचा व्यवहार नाही, याची समितीला खात्री पटवावी लागते. जवळच्या नातेवाइकासाठी नमुना १, जोडीदारासाठी नमुना २, इतरांसाठी नमुना ३. हे नमुने रुग्णालयातले प्रत्यारोपण समन्वयक भरून घेतात. रजेच्या दृष्टीनं यातलं महत्त्वाचं एवढंच की दात्याला कायद्याप्रमाणे मंजुरी मिळाल्याशिवाय रजेचा पाया पक्का होत नाही. समितीची तारीख लांबली की शस्त्रक्रिया लांबते आणि रजाही सरकते. म्हणून अर्जात तारीख ‘अंदाजे’ लिहा आणि बदल लेखी कळवा.

आस्थापना शाखेत द्यायचे कागद: अर्ज, रुग्णालयाचं शस्त्रक्रियेच्या नियोजित तारखेचं पत्र, दात्याच्या मंजुरीची प्रत, आणि किती दिवसांची विश्रांती लागेल याचं वैद्यकीय प्रमाणपत्र. शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयात असेल तर प्रमाणपत्रावर संबंधित विभागप्रमुखांची सही आणि शिक्का घ्या. सुट्टी मिळताना डिस्चार्ज कार्डवर ‘दाता’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे ना, ते बघा. मी एक कार्ड असं पाहिलं होतं की त्यावर नुसतं ‘डावे मूत्रपिंड काढले’ असं होतं, आणि लेखा शाखेनं रजा आजारपणाची धरली.

ज्याला अवयव मिळतो तो मात्र रुग्ण. त्याची रजा त्याच्या वैद्यकीय रजेतून जाते. नवरा-बायको दोघं नोकरीत असतील तर दोघांचे अर्ज दोन वेगळ्या कार्यालयांमध्ये, दोन वेगळ्या नियमांखाली जातील. शिवाय दोघंही एकाच वेळी अंथरुणात, त्यामुळे तिसऱ्या माणसाच्या रजेचीही सोय लागते, हे बरेच जण विसरतात. आणि जाता जाता: आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायकांचं प्रमाण खूप मोठं आहे, आणि त्यातल्या कित्येक जणी घर सांभाळणाऱ्या. त्यांना रजेचा अर्ज द्यायला कार्यालयच नाही. त्यांच्या सहा आठवड्यांच्या स्वयंपाकाची, पाणी भरण्याची व्यवस्था शस्त्रक्रियेच्या तारखेआधी ठरवा. तिनं टाके असताना हंडा उचलला तर हर्नियाची भीती असते.

खासगी नोकरीत

इथे तीन ठिकाणी बघायचं: नेमणुकीचं पत्र, कंपनीची रजा नियमावली, आणि संघटना असेल तर व्यवस्थापनाशी झालेला करार. काही कंपन्या रक्तदानाला एक दिवस देतात, पण तो नियमावलीच्या चाळिसाव्या पानावर असतो आणि कोणी सांगत नाही. कंपनीनं स्वतः शिबिर भरवलं असेल तर रजा मागूच नका, ‘कामावर हजर’ अशी नोंद मागा.

लेखी काहीच नसेल तर जी रजा सगळ्यांना आहे तिच्यातूनच मार्ग काढायचा. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली (२०१७ चा) वर्षाला ८ नैमित्तिक रजा पगारी आहेत, आणि कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा जमा होते. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. हा ४५ चा आकडा लक्षात ठेवा. घरात प्रत्यारोपणाची वेळ येणार असं दिसत असेल तर त्या दोन वर्षांत लग्नकार्य, गावची जत्रा यांना रजा उधळू नका. अगदी लहान दुकानांना या कायद्यातली बरीच कलमं लागू नाहीत. तिथे मालकाशी माणूस म्हणूनच बोलावं लागतं.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून कामगार विम्याचा ०.७५ टक्के हप्ता कापला जात असेल, तर तुमच्याकडे असा एक आधार आहे जो साहेब लोकांकडेही नाही. कामगार राज्य विमा योजनेच्या कायद्यात आजारपणाची व्याख्या ‘वैद्यकीय उपचार व देखभाल लागते आणि वैद्यकीय कारणामुळे कामावर गैरहजर राहावं लागतं अशी अवस्था’ या अर्थाची आहे. मूत्रपिंड काढल्यानंतरचे आठवडे यात बसत नाहीत असं कोणी म्हणत असेल तर त्याला ही व्याख्या वाचून दाखवा. आजारपणाच्या लाभात सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते, पहिले दोन दिवस सोडून. त्यासाठी आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. प्रमाणपत्र विमा दवाखान्यातल्या डॉक्टरांचंच लागतं. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी तिथे जाऊन फाईल उघडा आणि खासगी रुग्णालयाचे कागद दाखवून ठेवा. नंतर महिन्याभराचं प्रमाणपत्र एकदम मागायला गेलात तर डॉक्टर कचरतात.

गटविम्याच्या पॉलिसीत ‘अवयवदात्याचा खर्च’ हे कलम आहे का, तेही एचआरला याच वेळी विचारून घ्या. ते बहुधा रुग्णाच्या पॉलिसीतून भरलं जातं, दात्याच्या नाही.

‘रजा दिली म्हणजे रक्त विकत घेतलं’ असं कोणी म्हणालं तर

हा आक्षेप मी अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. जागतिक पातळीवर स्वेच्छा रक्तदानाची जी व्याख्या मानली जाते, तिच्यात तर रजेचाच उल्लेख आहे: रक्त द्यायला आणि जाण्यायेण्याला जेवढा वेळ वाजवीपणे लागतो त्यापेक्षा जास्त रजा ही पैशाच्या मोबदल्यासारखीच धरली जाते. म्हणूनच ‘रक्त द्या आणि तीन दिवस सुट्टी मिळवा’ अशी योजना कंपनीनं काढू नये. रजेच्या आशेनं आलेला माणूस कावीळ झाल्याचं लपवतो, आणि ते रक्त कोणाच्या तरी बाळाला चढतं.

अवयवांच्या बाबतीत कायदाच उत्तर देतो. अवयवाच्या व्यवहाराला पाच ते दहा वर्षांची कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. पण त्याच कायद्यात ‘मोबदला’ या शब्दाची व्याख्या करताना अवयव देण्यामुळे थेट आणि वाजवीपणे झालेला खर्च व बुडालेली कमाई भरून देणं त्यातून स्पष्टपणे वगळलं आहे. म्हणजे दात्याचा पगार चालू ठेवणारा मालक अवयव विकत घेत नाही. एचआरमधल्या माणसाला कायद्याची भीती वाटत असेल तर हे कलम दाखवायचं. मला तरी ही रजा याच नजरेनं बघावीशी वाटते. ती दानाची किंमत नाही. दानापायी दात्याचं जे नुकसान झालं असतं तेवढं भरून देणं आहे.

अर्ज

लांबलचक लिहू नका. भावनिक तर मुळीच नको.

*प्रति, मा. कार्यालय प्रमुख, ……*
*विषय: अवयवदानासाठी विशेष नैमित्तिक रजा मिळण्याबाबत.*

*महोदय/महोदया,*
*माझा भाऊ …… याला मी मूत्रपिंड दान करीत आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखालील मंजुरीची प्रत सोबत जोडली आहे. शस्त्रक्रिया …… रुग्णालयात अंदाजे दि. …… रोजी नियोजित आहे. कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या दि. २५ एप्रिल २०२३ च्या आदेशानुसार दि. …… पासून …… दिवसांची विशेष नैमित्तिक रजा मंजूर व्हावी, ही विनंती. तारखेत बदल झाल्यास लेखी कळवीन. माझ्या गैरहजेरीत …… यांच्याकडे काम सोपवले आहे.*
*सोबत: १) मंजुरीची प्रत २) रुग्णालयाचे पत्र ३) वैद्यकीय शिफारस*

खासगी कंपनीत आदेशाची ओळ काढा आणि तिच्या जागी लिहा: ‘नियमावलीत स्वतंत्र तरतूद नसल्यास विशेष बाब म्हणून पगारी रजा द्यावी, ते शक्य नसल्यास माझ्या खाती जमा असलेली भरपगारी रजा वापरावी.’ दोन्ही पर्याय एकाच पत्रात दिले की ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही दुसऱ्या ओळीवर सही करता येते. रक्तदानाच्या अर्जाला तीन ओळी पुरतात: तारीख, रक्तकेंद्राचं नाव, पुरावा देण्याची हमी.

अर्ज ई-मेलनं पाठवा किंवा आवक शाखेत देऊन पोच घ्या. टेबलावर ठेवून आलेला अर्ज दिला असं धरत नाहीत.

नाकारली तर

तोंडी नकार घेऊ नका. ‘साहेब नाही म्हणाले’ याला कार्यालयात अर्थ नाही. कारण लेखी मागा. बहुतेक नकार नियमापोटी नसतात, कागद अपुरा असतो म्हणून असतात: परवाना क्रमांक नाही, तारीख जुळत नाही, शिफारस सरकारी डॉक्टरांची नाही. तेवढं दुरुस्त करून पुन्हा द्या. नियम असूनही नाकारली असेल तर वरिष्ठांकडे अर्ज करा आणि आदेशाची प्रत जोडा. सरकारी कार्यालयात आदेशाचीच प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात ती मागता येते. मूळ पेशींचं (स्टेम सेलचं) दान, अस्थिमज्जेच्या रोग्यांसाठी जे करतात, ते रक्तदानाच्या आदेशात नावानं येत नाही. यंत्रावर पेशी काढण्याआधी पाच दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात आणि अंग दुखतं. अशा दात्यानं तारीख ठरण्यापूर्वीच कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी, म्हणजे ऐनवेळी बिनपगारी रजा पदरात पडत नाही.

कामावर परतताना डॉक्टरांकडून कामावर रुजू होण्यास हरकत नसल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि त्यात ‘अमुक महिने जड वजन उचलू नये’ हे लिहून घ्या. गोदामात, वर्कशॉपमध्ये, वॉर्डात काम करणाऱ्यांना हलकं काम मागायला तोच एक कागद असतो. आणि पहिला पगार झाला की पगारपत्रक उघडून बघा. त्या महिन्यात रजा कोणत्या नावाखाली लावली आहे, ते तिथेच कळतं. चूक असेल तर ती त्याच महिन्यात दुरुस्त होते. मार्च उलटला की होत नाही.